कंपनीचा सायलेन्सर की बाहेरचा

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. ठिकाण: पालम, बसस्टँडच्या मागचं गॅरेज. हजर: मी, धाकटा दीर, मिस्त्री आणि गाडी. गैरहजर: सासरे. त्यांना विचारायचं काही कारण नाही, असं मी तेव्हा धरलं होतं.

मी अंगणवाडीत सेविका आहे. इतकी वर्षं रजिस्टरं भरल्यामुळं घरातलं कामही माझं आधी कागदावर येतं, मग हातात. त्या दिवशीच्या चिठ्ठीत चार कामं होती. गव्हाचं खत, मेंढ्यांचं जंताचं औषध, सासऱ्यांच्या डोळ्यांचे थेंब, सायलेन्सर. पहिली तीन गॅरेजला पोचायच्या आधीच झाली होती.

गाडी म्हणजे यांची मोटारसायकल. हे जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मे महिन्यात, शेतात, दुपारच्या वेळी छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं. तेराव्यानंतर मी गाडी चालवायला लागले. अंगणवाडी शेजारच्या गावात आहे आणि एसटीच्या वेळा तिच्या वेळांशी जुळत नाहीत. गाडी यांनीच मला पूर्वी शिकवली होती, कधी अडचण आली तर असावी म्हणून. साडीवर यांचा एक जुना शर्ट चढवते, रानात कामाला जाणाऱ्या बाया चढवतात तसा. पदर चाकात जात नाही. एवढंच कारण.

सायलेन्सर खालून गंजला होता आणि त्याला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. मिस्त्रीनं गुडघ्यावर बसून बघितलं.

"हा चेपला कधी, ताई? इथं आपटल्यावाणी दिसायलंय."

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्यानं दोन रस्ते सांगितले. कंपनीचा सायलेन्सर परभणीहून मागवावा लागेल, आठ-दहा दिवस. बाहेरचा हवा असेल तर तो खिळ्याला टांगलेलाच होता, अर्ध्या तासात बसला असता. जुन्याला वेल्डिंगही होईल, पण त्याचा भरवसा एखाद्या वर्षाचा.

दीर गंगाखेडला साखर कारखान्यावर असतो. रविवारी येतो. त्याला गाड्यांचा शौक. "वैनी, बाहेरचाच घ्या. आवाज असा पायजे की तुमी पालम सोडलं की तिकडं शेतात आखाड्यावर कळलं पायजे."

"मंग सायलेन्सर कशाला," मिस्त्री म्हणाला, "लग्नातला भोंगाच बांधतो की समोर."

"तुला काय व्हतंय बांधायला?"

"मला न्हाई व्हत. पोलिसाला व्हतंय. परवाच पकडलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलर फिरवलाय त्यांनी. ताईला काय चौकात उभं करतूस?"

मी म्हणाले, मोठ्या आवाजाचा नको. बाकी कोणता ते सांगते. मिस्त्रीनं भोकावर पत्र्याची पट्टी आवळली आणि इंजिनात दुसरा काही दोष नाही ना हे बघायला गाडी घेऊन चक्कर मारायला गेला. आम्ही बाकड्यावर बसलो. दीरानं चहा सांगितला.

दीर मग हळू आवाजात बोलला. "एक सांगू का वैनी? आवाज बदललेला बराच हाय. आबाचं बघवंना गेलंय मला. गाडी वळली की उठतंय म्हातारं, 'आली गाडी' म्हणतंय, काठी घिऊन फाटकापशी जातंय. त्याला अजून भाऊच यायलाय असं वाटायलंय. रोज उठायचं आन रोज तुमचाच आवाज ऐकायचा."

ते उठतात हे खरं होतं. आम्ही गावात राहत नाही, शेतातल्या घरी, आखाड्यावर राहतो. सासऱ्यांनी जन्मभर मेंढरं राखली. आता वीसेक मेंढ्या आणि सहा शेरडं उरली आहेत. त्यांच्या डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दिवसभर ते पत्र्याच्या सपरात बसून असतात. दुपारी चारच्या सुमारास मी डांबरीवरून आखाड्याच्या वाटेला वळले की ते उठतात, दगडी बांधाला हात लावत फाटकापर्यंत येतात, बाभळीच्या काट्यांचं ते जड फाटक बाजूला ओढतात आणि मी उतरेपर्यंत हँडल धरून उभे राहतात. "आलीस?" म्हणतात. मी "आले" म्हणते. सात महिने हे असंच चाललं होतं आणि मी त्यावर काही विचार केला नव्हता. मी त्या महिन्यांत कशावरच फार विचार करत नव्हते. पोरांची वजनं, पोषण आहार, मेंढ्यांचं पाणी, स्वयंपाक, चिठ्ठी.

तेवढ्यात मिस्त्री परत आला. बसस्टँडच्या वळणावरून गाडीचा आवाज आला, आधी बारीक, मग मोठा, गिअर उतरवताना मध्ये एक खरखर. मी उभी राहिले. चहाचा कप बाकड्यावर ठेवला आणि दुसरा कप कुठं आहे ते शोधायला लागले.

"काय पायजे वैनी?"

"काही नाही."

इतके महिने मी त्या गाडीवर बसत होते. बसणाऱ्याला ती येताना ऐकू येत नाही. माझ्या घरात तो आवाज आला की मी चहा ठेवायची, वीस वर्षं तसंच. ते हाताला ठाऊक होतं, मला नव्हतं. एवढंच झालं. रडू वगैरे आलं नाही. मी परत बसले आणि मिस्त्रीला म्हणाले, "बाहेरचा बसवा. आजच."

चिठ्ठीच्या मागं कारणं लिहिली. एक, आज मिळतो. दोन, सासऱ्यांना रोजचा त्रास नको. तिसरं कारण लिहिलं नाही.

"जुना घिऊन जाता का?" मिस्त्रीनं विचारलं.

"राहू द्या इथंच."

दीर तिथूनच गंगाखेडला गेला. परत येताना गाडी खालून भडभडत होती. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटेला वळले तर फाटक बंद. फाटकापुढं उतार आहे. मी पाय टेकवत उतरले, चाकाखाली दगड सरकवला, फाटक ओढलं. तेवढ्यात एक करडू बाहेर पळालं, ते धरून आणलं. सासरे सपरात बसल्या जागी होते.

"कोण हाय?"

"मी आहे मामा."

"बरं."

ते उठले नाहीत, म्हणजे जमलं, असं मी समजले. सायलेन्सरपुढं बरोबरची खूण केली.

सोमवार, मंगळवार तसेच गेले. मी यायची, उतरायची, दगड, फाटक, "कोण हाय", "मी", "बरं". मंगळवारी ते थोडं कमी जेवले. थंडीमुळं असेल, असं मी धरलं. बुधवारी मी पोचले तेव्हा फाटक सताड उघडं, सासरे फाटकाला धरून उभे, आणि शेजाऱ्याच्या हरभऱ्यात आमची शेरडं. रस्त्यानं आमच्या जुन्या आवाजासारखी दुसऱ्याच कुणाची तरी गाडी गेली होती. ते तिच्यासाठी उठले होते. शेजारी बांधावरून ओरडत होता, "ओ म्हातारबाबा, फाटक उघडून काय वरातीची वाट बघायलाव का? हरभरा गेला की माझा!" मी शेरडं हाकून आणली, शेजाऱ्याला समजावलं. ते सगळं होईपर्यंत सासरे तिथंच उभे होते. मग मी त्यांचा हात धरून त्यांना सपरात आणलं. त्यांना हात धरलेला आवडत नाही, हे मला माहीत आहे.

बसल्यावर म्हणाले, "गाडी इकलीस का गं?"

"न्हाई मामा. ही काय, इथं उभी आहे."

"मंग ही भडभडायली ती?"

"आपलीच. सायलेन्सर बदलला."

"कामून?"

मी भोक पडल्याचं सांगितलं. मला अर्धं सांगून गप्प बसायची सवय नाही, म्हणून उरलेलंही सांगितलं. "तुमाला रोज वाटतंय की हेच आलेत. उठता, फाटकाशी येता. तो ताप नको म्हणून."

त्यांनी काठीनं जमीन उकरली.

"कोण म्हणलं तुला?"

"भावजी."

"तो ऐतवारचा पाव्हणा. त्याला काय ठाव." मग म्हणाले, "पोराला माती म्या दिली. ह्या हातानं. माझे डोळे गेलेत, डोस्कं न्हाई गेलं."

"मग उठता कशाला?"

"फाटक उघडाय. दुसरं काय? पयल्या महिन्यात पडली न्हाईस का तू हितं, उतारावर? फाटक उघडाय उतरलीस आन गाडी अंगावर आली. पाय खाली घावला व्हता. वरडलीबी न्हाईस. गाडी आडवी पडून चालूच व्हती, त्या आवाजावर म्या आलो चाचपत, म्याच उचलली. तवा ठरीवलं, हिला ह्या उतारावर थांबू द्यायचं न्हाई."

मला ते पडणं आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. जून महिन्यातलं मला फारसं काहीच आठवत नाही. त्या महिन्याची अंगणवाडीची रजिस्टरं मात्र भरलेली आहेत, माझ्याच अक्षरात, एकही खाडाखोड नाही. माझ्या उजव्या पोटरीवर दोन बोटांएवढा काळपट डाग आहे, भाजल्याचा. आंघोळीच्या वेळी तो रोज दिसत होता. तो कशाचा, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. तापलेल्या सायलेन्सरचा होता.

"आमच्या कळपात," सासरे म्हणाले, "म्होरक्या मेला तर त्याच दिशी त्याची घंटी काढायची आन दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची. रडायचं ते मागून. माझा एक म्होरक्या व्हता, लय जीव व्हता माझा. त्याची घंटी म्या ठिऊन दिली दोन दिस, उशाला. मेंढरं हालंनात. उपाशी उभी राहिली, पर घंटीचा वाज न्हाई म्हणून हालंनात. माझ्या बापानं शिव्या घातल्या मला." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "आता रस्त्यानं धा गाड्या असल्याच भडभडत जात्यात. म्या कोणच्या गाडीला उठू? सांग की."

मी म्हणाले, जुना परत बसवते.

"जुनाच," ते म्हणाले. "नवा कंपनीचाबी नको. मला त्यो ठाव हाय."

त्याच संध्याकाळी मिस्त्रीला फोन केला. मला भीती होती की भंगारात गेला असेल. तसं नव्हतं. "हाय ना ताई, भिंतीला लावलाय. भोक बुजवायला एक घंटा लागंल. कवाबी या. बसवतो, एक चक्कर मारून बघतो आन देतो."

तो चक्कर मारल्याशिवाय कुणाची गाडी देत नाही, ही त्याची पद्धत आहे आणि ती बरोबर आहे.

त्याला आता तीन आठवडे झाले. मधल्या काळात उपाय म्हणून मी वळणावर हॉर्न तीनदा वाजवून बघितला. सासरे म्हणाले, हॉर्न सगळ्यांचेच असे असतात, आणि सपरातून दोनदा चुकीच्या गाडीला उठले. दुसऱ्या वेळी बांधाला ठेचकाळले, अंगठ्याचं नख गेलं. त्याला पट्टी बांधली. आता ते उठत नाहीत. चार वाजता सपरात तोंड भिंतीकडं करून बसलेले असतात, आणि मी फाटक ओढत असताना विचारतात, "कोण हाय?"

या तीन आठवड्यांत मी चार वेळा पालमला गेले. दोनदा बैठकीला, एकदा औषधाला, एकदा बँकेत. चारही वेळा गॅरेजवरून गेले. एकदा मिस्त्रीनं हात केला, मीही केला. गाडी त्याच्याकडं द्यायची, बाकड्यावर बसायचं, आणि तो बसस्टँडच्या वळणावरून ती घेऊन येईल तेव्हा तोच आवाज ऐकायचा. दीड तासाचं काम आहे. दीड तास चारही वेळा होता.

आज रविवार. चिठ्ठीत सात कामं होती. दीर आला होता, त्याच्याकडून फाटकापुढच्या उतारावर मुरूम टाकून घेतला. सासऱ्यांचे केस कापून आणले, डोळ्यांचे थेंब नवे आणले, मेंढ्यांना औषध पाजलं, अंगणवाडीचा महिन्याचा अहवाल पूर्ण केला, शेजाऱ्याला हरभऱ्याच्या बदल्यात एक करडू दिलं. सहा झाली.

सातवं: गॅरेजमधून जुना सायलेन्सर बसवून घेणे. ते उद्याच्या चिठ्ठीत उतरवलं आहे.