साळवेकाकांचा आवाज

साळवेकाका आधी स्वतः विमान उतरवायचे, मग विद्यार्थ्याला अख्खी धावपट्टी पायी चालायला लावायचे. आयडाहोच्या डोंगरातल्या त्या गवताळ, चढाच्या पट्ट्या. एका टोकाला नदी, दुसऱ्या टोकाला कडा. “भिजू देत बूट,” ते म्हणायचे, “पायाला कळलं की हाताला कळतं.”

मूळचे नगरचे. ऐंशीच्या दशकात आयडाहोतल्याच एका मिशनच्या शाळेत ते वैमानिक घडवत. दुर्गम गावांत औषधं पोचवायची, आजारी माणसं आणायची, त्यासाठी. मला मिरजेच्या चर्चच्या मंडळीने पाठवलेलं. पहिल्याच दिवशी उतरताना मी पुटपुटू लागलो, तर त्यांनी कोपर मारलं. “प्रार्थना खाली झाली ना? डोंगर भक्ती बघत नाही रे बाबा, स्पीड बघतो!”

त्यांचा एकच नियम. उतरताना प्रत्येक पट्टीआधी एक खूण ठरलेली. तिथवर वेग बरोबर नसेल तर विमान वर घेऊन वळायचं. खूण ओलांडली की समोर कडा. मग उतरण्यावाचून इलाज नाही. “परत फिरण्यात कसली लाज? घरी जेवायला तर मिळतं!”

त्या दिवशी मी आधीच दोनदा परत फिरलो होतो. तिसऱ्यांदाही वेग जास्त होता. काका म्हणाले, “वर घे.” मी ऐकलं आणि तसाच खूण ओलांडून पुढे गेलो. पट्टी संपली, पंख कड्याआधीच्या झाडावर आपटून मोडला. आम्ही दोघं सुखरूप.

चौकशीत मला वाटलं, आता मिरजेला परत. मी सांगितलं, “सूचना ऐकू आली नाही.” काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “माझाच आवाज कमी पडला असेल.”

त्यांचं शिकवणं बंद झालं. ते गोदामात पार्सलं बांधू लागले. मी वैमानिक झालो.

खूप वर्षांनी नेपरव्हिलला, त्यांच्या मुलीच्या घरी, मी एकदाचं बोललो. “काका, मी ऐकलं होतं.”

“माहीत आहे. हेडसेटमध्ये ‘येस काका’ म्हणालास की.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुला काढून टाकलं असतं. आणि वाटलं, हा स्वतःच जाऊन सांगेल. आठवडाभर वाट पाहिली बघ.”

“माफ केलंत ना?”

“केव्हाच. पण शिकवणं गेलं त्याचं वाईट वाटलं हं. अजून वाटतं. खोटं कशाला बोलू?”

त्याच हिवाळ्यात ते गेले. शाळेच्या फाइलीत अजून माझंच वाक्य आहे: सूचना ऐकू आली नाही.

ते खोटं आहे. आवाज स्वच्छ होता.