फिनलंडचा तास

आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क भाऊ, त्यांच्याइतका कागदावर जीव टाकणारा माणूस सबंध गडचिरोली जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. कागद हातात आला की भाऊ आधी तो उजेडात धरून पाहत, मग पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्याने वाचत, आणि समोरच्याला अर्ध्यातून उठू देत नसत. प्राचार्यांनी एकदा घाईत रजेचा अर्ज पाठवला, तर भाऊंनी तो परत पाठवून वर लिहिलं, ‘कारण वाचले, पटले नाही, सविस्तर लिहावे.’ लघुरूपांवर त्यांचा भारी राग. ‘बीएस्सी’ लिहिलेलं दिसलं की विचारत, “पूर्न लिवाले काय हात दुखते?” शर्टाच्या खिशात भाजलेले चणे आणि पॅण्टच्या खिशात शिक्का. चुकून दोन्ही एकाच खिशात गेले, त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी जांभळे चणे खाल्ले.

मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवते. माझी विद्यार्थिनी वैष्णवी, आरमोरीकडच्या धानशेतकऱ्याची लेक, शिष्यवृत्ती मिळवून पाचव्या सत्रासाठी फिनलंडला गेली. जंगलं आणि दलदली शिकून जानेवारीत परत आली आणि आमच्या विद्यापीठाचं पत्र येऊन धडकलं: तिकडच्या विषयांची नावं आपल्या अभ्यासक्रमात नाहीत, सबब क्रेडिट देता येत नाहीत, सत्र पुन्हा करावं. पाचवं सत्र पुन्हा पुढच्या जुलैतच, म्हणजे वर्ष गेलं. तिने घरच्यांना लग्नासाठी पदवीपर्यंत कसंबसं थांबवून धरलं होतं. आणखी एक वर्ष कोणी थांबलं नसतं. ती माझ्यासमोर रडली नाही, नुसती पत्राची घडी घालत आणि उलगडत बसली. मी तिला घेऊन भाऊंकडे गेले.

भाऊंनी पत्र उजेडात धरलं, मोठ्याने वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, “क्रेडिट म्हंजे काय, हे कोनी मले सांगन काय?” मी सांगितलं, शिकण्याच्या तासांचं माप. “मंग नावं काऊन जुळवून राह्यले हे लोक? तास जुळवा ना!” त्या दिवसापासून त्यांनी दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी पसरले. दलदलीचा विषय आपल्याकडे नाही, असं मीच म्हटलं, तर माझ्यावरच उखडले. “मॅडम, दलदल म्हंजे पान्यात बसलेली जमीन. आपल्या तलावाचा काठ काय कोरडा रायते? पेपर तीन, घटक दोन.” पंचवीस वर्षं मी तो घटक शिकवते आहे.

मग फिनलंडच्या विद्यापीठाच्या कार्यालयातल्या बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. भाऊ मराठीत सांगायचे, वैष्णवी इंग्रजीत टाइप करायची, पण ‘महोदया’ आणि ‘आपला विश्वासू’ यातलं काही गळू द्यायचं नाही अशी ताकीद होती. बाईंचं उत्तर यायचं दोन ओळींचं, भाऊंचं जायचं दोन पानांचं. आणि अशा एका पत्रात त्यांनी विचारलं, ‘आपल्याकडील एका तासात मिनिटे किती?’ मला हसू आवरेना. उत्तर आलं: पंचेचाळीस.

भाऊ खुर्चीतून उठूनच उभे राहिले. “पाह्यलं? पाऊन तासाले तास म्हून राह्यली ते बाई!” आणि लगेच वैष्णवीच्या तासांतून पाव-पाव तास वजा करायला बसले. मी घाबरले. “अहो भाऊ, कोणी विचारलंय का? कशाला कमी करता?”

“आपन लपवलं आन त्यायले सापडलं, तं पोरीचं नाव खराब होते,” ते म्हणाले आणि वजा करत राहिले.

तूट निघाली, चांगलीच निघाली. वैष्णवीचा चेहरा उतरला. भाऊंनी चण्यांची मूठ तिच्यापुढे केली. “दिवसभर वर्गातच बसत होती काय तू?” ती म्हणाली, नाही, आठवड्यातून दोन दिवस चिखलात असायचो, लांब सळई खुपसून खोली मोजायचो. “लिवून ठेवलं?” तिने वही आणली. तारीख, वेळ, खोली, आणि मध्ये मध्ये ‘आज बोटं गार पडली, आईची आठवण आली’ असंही. भाऊंनी आईची आठवण वगळून बाकीचे तास मोजले. प्रात्यक्षिकाची तूट भरून निघाली, वर्गातल्या तासांची थोडी उरली.

आता बाईंनी त्या वहीवर शिक्का मारून द्यायचा होता. त्यांनी कळवलं, आमच्या कार्यालयात शिक्का नसतोच. भाऊंना हे खरंच वाटेना. “शिक्का नाई? मंग हापिस चालते कसं?” त्यांनी पुन्हा दोन पानं पाठवली. काय वाटलं त्या बाईंना कोण जाणे, पण पंधरा दिवसांनी वहीच्या प्रतीवर टपालाने ठसठशीत गोल शिक्का आला. ग्रंथालयातून पुस्तकांवर मारायचा शिक्का त्यांनी मागून आणला होता.

विद्यापीठाच्या समितीने तो शिक्का बराच वेळ पाहिला आणि वीसपैकी अठरा क्रेडिट दिली. उरलेली दोन वैष्णवीने सहाव्या सत्रासोबतच केली. वर्ष वाचलं. आता ती वनशास्त्रात पुढे शिकते आहे.

मंजुरीचं पत्र आलं त्या दुपारी मी भाऊंना चहा दिला आणि सहज विचारलं, हे सगळं तुम्हाला कसं सुचलं? ते मूळचे सिरोंचाचे, जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाचे; नदी ओलांडली की तेलुगू मुलूख. म्हणाले, “मी गोदावरीच्या पल्याड दोन वर्सं कालेजात शिकलो जी, तेलुगूत. वडील गेले, इकडे आलो. इथी सांगतलं, पेपर सारखे नाईत, पयल्या वर्साले बस. घरी चार खानारे. मी क्लार्कीचा फारम भरला.”

“आणि भांडला नाहीत?”

“कोनाशी? टेबलामागचा मानूस भला होता, मॅडम. त्यानं मले पानी देल्लं. त्याले मोजता येत नव्हतं, एवढंच.”

चहा अर्धाच झाला होता. खिडकीशी कोणीतरी मुलगी कागद घेऊन उभी राहिली होती. “थांब बाई, आलो,” म्हणत भाऊ उठले आणि तिचा कागद त्यांनी उजेडात धरला.