घडी कापलेलं पुस्तक

मिरकाबमधल्या आमच्या इमारतीतल्या चिनी इंजिनीअरला मी त्याच्याच बुद्धिबळात हरवलं, ही गोष्ट मी कुवेतच्या मराठी मंडळींना वर्षानुवर्षं ऐकवली. पुस्तकाचा भाग दरवेळी गाळला. आता तोच सांगतो.

आम्ही दोघं शेजारी, निवृत्तीला आलेले. शुक्रवारी दुपारी त्याच्याकडे डाव मांडायचा. गोल सोंगट्या, त्यांवर चिनी अक्षरं. घोडा कुठला नि तोफ कुठली, हेच मला कळायचं नाही. सारखा हरायचो. शेवटी दया येऊन त्याने आजोबांचं पुस्तक वाचायला दिलं. लाकडी ठशांनी छापलेलं, पानोपानी पटांची चित्रं.

"अक्षरं सोडा, चित्रं बघा," म्हणाला.

घरी येऊन पाहतो तर प्रत्येक पान बाहेरच्या कडेला जोडलेलं, आतून पोकळ. मी जन्मभर बँकेत दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या.

"छापखान्याने पानं कापलीच नाहीत," मी बायकोला म्हटलं. "बिचारा आजोबांपासून अर्धंच पुस्तक वाचतोय. खरे डाव आतच राहिलेत."

"अर्धं वाचून तुम्हाला हरवतोय ना? मग लोकांच्या वस्तूला सुरी लावू नका."

मी लावली. कोथिंबिरीची सुरी, फूटपट्टी धरून, अगदी सरळ. आत सगळं कोरं निघालं. छापखान्याच्या गलथानपणावर मी हळहळलो आणि पुस्तक परत देताना ऐटीत म्हणालो, "उघडून दिलंय तुम्हाला."

त्याने पानं चाळली. बराच वेळ चाळली. मग "फार सरळ कापलंय" म्हणाला आणि पट मांडला. त्या दिवशी त्याने तोफ घालवली, घोडा घालवला. त्याचं लक्षच नव्हतं. मी जिंकलो. घरी सांगितलं, पुस्तकाचा गुण.

पुढे रुमैथियाला राहणाऱ्या मुलीने फोनवर जुन्या चिनी पुस्तकांचा व्हिडिओ दाखवला. "बाबा, कागद इतका पातळ की एकाच बाजूला छापायचे आणि दुमडून शिवायचे. घडी बाहेरच असते. ती कापायची नसते."

बायकोने सुरी धुतली आणि माझ्यासमोर आणून ठेवली.

तो कायमचा मायदेशी निघाला तेव्हा भेटायला गेलो. वाक्य पाठ होतं: पुस्तक बरोबर होतं, चुकलो मी, माफ करा. उघड्या बॅगेत सगळ्यात वर तेच पुस्तक होतं. कापलेली प्रत्येक कड त्याने पातळ कागदाची पट्टी लावून पुन्हा जोडली होती.

मी तोंड उघडलं.

"कागद चांगला आहे हो," म्हणालो.