दाराखालून येणारा आकडा

आमच्या आत्याला नाही म्हणता येत नाही. ती घरी बसून दुकानांसाठी पडदे शिवते. दुकानदाराने माप चुकीचं दिलं तरी निमूटपणे उसवून पुन्हा शिवून देते आणि वर त्यालाच चहा पाजते. मी तिला म्हणायचे, "आत्या, उद्या चोर आला तर त्याला पिशवीसुद्धा तूच देशील." त्यामुळे स्मार्ट मीटर बसवायला आलेल्या माणसाला तिने दारातूनच परत पाठवलं, तेव्हा सगळी गल्ली चाट पडली.

दुसऱ्या वेळीही पाठवलं. तिसऱ्या वेळी आतून कडी लावून गप्प बसली. झालं, शेजारचे निवृत्त मास्तर कागद घेऊन हजर. नव्या मीटरने बिल फुगतं, आपण कधी घरात असतो आणि कधी नसतो ते परक्या लोकांना कळतं, असे त्यांचे मुद्दे होते. "बाईंनी पुढाकार घेतलाय, सही त्यांची पहिली हवी," मास्तर म्हणाले. आत्या मूग गिळून बसली होती. मास्तरांना वाटलं, बाईंचा अभ्यास दांडगा आहे. तिने मुकाट्याने सही केली आणि महिनाभर गल्लीची पुढारी झाली. खरं कारण फक्त आम्हा घरच्यांना माहीत होतं. मीटर काकाच्या खोलीत होता.

काका म्हणजे आत्याचा आणि माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्याच्या नजरेतून चूक सुटायची नाही. घरात कुणी चुकीचा शब्द वापरला तर तो जेवता जेवता दुरुस्त करायचा. छापखाना बंद पडला त्या दिवशी दुपारी घरी आला, "जरा पडतो" म्हणाला आणि मागच्या खोलीत गेला. त्याला एकोणीस वर्षं झाली. ती खोली म्हणजे पूर्वीचा बोळ. आजोबांनी भिंत घालून त्याची खोली केली, तेव्हा बोळातला मीटर आतच राहिला. खोलीला लागून न्हाणीघर आहे आणि दाराला आतून कडी आहे. आत्या उंबऱ्यावर ताट ठेवते, ते तासाभराने धुऊन परत आलेलं असतं.

सुरुवातीला बाबांनी डॉक्टर आणला होता आणि सुताराकडून कडी काढवली होती. काकाने आरडाओरडा केला नाही. फक्त आठ दिवस ताटाला हात लावला नाही. नवव्या दिवशी आत्याने दाराआड नवी कडी, स्क्रू आणि पेचकस ठेवला. त्याने ती स्वतः बसवली, मग जेवला. बाबांनी कानाला खडा लावला. "पुन्हा कुणी त्या खोलीत शिरलं तर तो यातून उठायचा नाही," असं आत्या म्हणायची, आणि तिला खोटं ठरवून बघायची आमच्यापैकी कुणाची हिंमत नव्हती.

त्या खोलीतून धुतलेल्या ताटाशिवाय एकच गोष्ट बाहेर यायची. महिन्यातून एकदा मीटरवाला दारात उभा राहायचा. आत्या काकाच्या दाराशी जाऊन "आकडा" एवढंच म्हणायची. थोड्या वेळाने दाराखालून चिठ्ठी यायची. तारीख, आकडा, खाली एक रेघ. अक्षर छापल्यासारखं. मीटरवाल्याने आधी कुरकुर केली, मग तोही सरावला. "ह्यांचा आकडा कधी चुकत नाही. मी आत जाऊन वेगळं काय बघणार?" आत्या त्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायची. मला तिचा राग यायचा. माझ्याकडे चार दिवस राहायला ये म्हटलं की म्हणायची, "आणि नेमका मीटरवाला आला तर?" एका आकड्यापायी ही बाई एकोणीस वर्षांत गावाबाहेर गेली नव्हती.

मास्तरांच्या कागदावर चौदा सह्या झाल्या होत्या. सगळ्यात आधी मास्तरांनीच मीटर बसवून घेतला, तोही भर दुपारी, गल्ली डुलक्या काढत असताना. मग एकेक करत बाकीचे. शेवटी आत्या एकटी उरली आणि नोटीस आली. जुन्या मीटरचा आकडा घ्यायला यापुढे कुणी येणार नाही आणि मीटर बदलून घेतला नाही तर वीज तोडली जाईल. आत्याने मला फोन केला. "मला भीती वाटतेय गं. ये," म्हणाली. मी रजा टाकून गेले.

आधी पाहणीला आलेला फिटर चाळिशीतला, शांत माणूस होता. त्याला मी काही न लपवता सगळं सांगितलं. "नवा मीटर बाहेरच्या भिंतीवर लागेल, मावशी," तो आत्याला म्हणाला. "पण जुना काढायला आत जावंच लागेल. दहा मिनिटं. मी कुणाशी काही बोलणार नाही."

आत्या काकाच्या दाराशी जमिनीवर बसली. "अरे, बुधवारी एक माणूस येणार आहे. दहाच मिनिटं. मी दारात उभी राहीन." त्या दिवशी ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी अर्धं परत आलं. मग आत्याही जेवेना. मी दोघांवरही चिडले होते, पण आधी कुणावर ओरडायचं तेच मला कळेना.

बुधवारी फिटर आला आणि आम्ही दार वाजवायच्या आधीच कडी सरकली. दार हातभर उघडलं. आम्ही जागच्या जागी थांबलो. मग आतल्या न्हाणीघराची कडी लागल्याचा आवाज आला. काका तिथे जाऊन बसला होता.

खोली स्वच्छ होती. खाट, घडी घातलेलं पांघरूण, एक खुर्ची. खुर्ची खिडकीकडे नव्हे, मीटरकडे तोंड करून ठेवलेली. आणि मीटरच्या भोवतालची सगळी भिंत बारीक पेन्सिलीने लिहून भरलेली होती. फिटर शिडी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मी वाचायला लागले. "५.४०. गिझर. ताई उठली." "९.१५. शिलाई मशीन." "११.००. इस्त्री. चाक जोरात." "आज इस्त्री नाही. काम आलं नाही?" "मिक्सर दोनदा. कुणीतरी जेवायला." सगळ्या घराची वीज त्या मीटरमधून जायची, आणि कशाने त्यातलं चाक किती फिरतं ते त्याने बघून बघून ओळखून ठेवलं होतं. एका ठिकाणी पेन्सिल दाबून लिहिलं होतं, "५.४०. चाक संथ. ६.३०. संथ. ७.१५. संथ. ८.०५. गिझर." त्याखाली नेहमीची रेघ होती.

आत्याने माझा चष्मा काढून घेतला आणि ओळीवर बोट ठेवून वाचत राहिली. परक्यांना सगळं कळेल म्हणून मास्तर घाबरत होते. इथे आत्याच्या प्रत्येक दिवसावर भिंतीपलीकडून कुणीतरी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होतं आणि तिला पत्ताच नव्हता. तिला इतकी वर्षं वाटत होतं, आपण आहोत की नाही याच्याशीही त्याला देणंघेणं उरलेलं नाही.

"हा इथेच जोडलेला राहू दे ना," ती फिटरला म्हणाली.

"तसं करता येत नाही, मावशी."

त्याला नऊ मिनिटं लागली. मीटर निघाला, त्या जागी भिंतीवर एक कोरा चौकोन राहिला. आम्ही बाहेर आलो आणि आत्याने दार ओढून घेतलं. आतली कडी लागेपर्यंत ती तिथून हलली नाही. "आता ह्याला कसं कळणार?" ती म्हणाली. मला वाटलं आता रडते. पण ती कागद शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून उलटा कारभार सुरू झाला. आत्या उठायची, बाहेरच्या भिंतीवरचा आकडा बघून यायची, चिठ्ठीवर लिहून दाराखालून आत सरकवायची. आकड्याखाली, "५.४० ला उठले. आज इस्त्री आहे." पाचव्या दिवशी चिठ्ठी परत आली. आत्याने दोन अंक उलटसुलट लिहिले होते. काकाने त्याला गोल करून समासात मुद्रितशोधनाची खूण केली होती आणि लिहिलं होतं, "कालच्यापेक्षा आज कमी कसा?" आत्याने ती चिठ्ठी मला फोनवर तीनदा वाचून दाखवली. शाळेत पहिला नंबर आल्यासारखी खूश होती.

नव्या मीटरचा दर अर्ध्या तासाचा वापर मोबाइलवर रेघांनी दिसतो. तो मी माझ्या मोबाइलवर घेतला. आत्याला सांगितलं, बिलावर लक्ष ठेवायला. खरं म्हणजे रोज सकाळी मी चहाच्या आधी तो उघडते. पावणेसहाच्या सुमाराला उंच रेघ दिसली की मला बरं वाटतं.

मागच्या आठवड्यात साडेसात वाजले तरी रेघ उंचावली नव्हती. मी फोन लावत राहिले. आठ वाजता तिने उचलला.

"ताप आहे गं. पहाटे डोळा लागला तो लागलाच. मग दार वाजायला लागलं."

"कुठलं दार?"

"त्याचं. आतून."

"काका बाहेर आला?"

"छे. वाजवत राहिला. मी ओ दिली तरी थांबेना. शेवटी भिंत धरत बाहेर गेले, आकडा बघितला, चिठ्ठी लिहून सरकवली. मग थांबला."

"आत्या, अंगात ताप आहे तुझ्या," मी म्हणाले. "मी उद्या येते आणि तुला घेऊन जाते. आठ दिवस माझ्याकडे पडून राहा. ताट शेजारच्या मास्तरीणबाई देतील."

"ताट देतील गं त्या."

"मग?"

"आकडा कोण देणार?"

"तोही त्याच लिहितील."

"त्यांचा आकडा त्याला काय करायचाय?" आत्या म्हणाली. "आणि आज त्याने दार वाजवलं गं. मी नसले तर कुणासाठी वाजवेल?"

मी उद्याचं तिकीट काढायला बसले, तिला आणायचं की आपणच तिथे राहायचं ते न ठरवताच. थोड्या वेळाने मोबाइल पुन्हा उघडला तेव्हा साडेआठला रेघ उंच गेलेली होती. आत्याने तशा तापात गिझर लावून दिवस सुरू केला होता.