वन्संचे थेंब

माझ्या थोरल्या नणंदबाईंइतकं मोजूनमापून जगणारं माणूस उभ्या पुणे शहरात दुसरं नसेल. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. हडपसरच्या मंडईत वन्सं शिरल्या की तराजूंचे काटे आपोआप सरळ होत. एकदा एक भाजीवाली म्हणाली, "घरची कोथिंबीर हाय ताई, जुडी काय मोजताय?" त्यावर वन्संनी तिच्याच दोन जुड्या दोन पारड्यांत टाकून तिला मुकाट्याने फरक दाखवला. पाककृतीत 'मीठ चवीपुरते' दिसलं की हे कुठलं माप, म्हणून त्या अख्खं पुस्तक बाद ठरवीत. 'ताप आलाय' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आकडाच सांगत.

त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन त्या विश्रांतवाडीला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा दुखणंही आकड्यांतच आलं. दहापैकी किती, ते रोज ऐकायला मिळे. गाठ गेली, जखम भरली, तपासण्या चांगल्या आल्या. पण वर्ष उलटलं तरी डाव्या काखेपासून छातीपर्यंत आग होत राहिली. शस्त्रक्रियेत दुखावलेल्या नसांची ती आग, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पंख्याचा वारा लागला तरी सात. ब्लाऊज घातला की आठ. म्हणून त्या माझ्या नवऱ्याचे धुऊन धुऊन विरलेले सदरे घालून बसत आणि बाहेर जाणं टाळत. गोळ्यांनी गुंगी यायची, आग फारशी हटायची नाही.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी कॅनाबिडिओलचे थेंब सुचवले. भांगेच्या झाडातलाच अर्क, पण नशा न आणणारा. महाशिवरात्रीला थंडाईचा पेला नुसता हुंगून परत करणाऱ्या वन्संनी विचारलं, "भांग? सरकारी पेन्शनवर?" डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. या दुखण्यावर पुरावा अजून तोकडा आहे. काहींना उपयोग होतो, काहींना नाही, म्हणाल्या. एवढी मोघम भाषा वन्संना कुठली चालायला. मग मीच तपासते, म्हणाल्या.

त्यांनी दोन एकसारख्या बाटल्या आणवल्या. एकीत मी औषध भरायचं, दुसरीत नुसतं तिळाचं तेल. कुठलीत काय ते फक्त मला ठाऊक. तीन आठवडे एक, तीन आठवडे दुसरी. चव कळू नये म्हणून आधी लवंग चावायची. डॉक्टरीणबाई हसल्या, पण बाकीच्या गोळ्या सोडायच्या नाहीत या अटीवर कबूल झाल्या.

औषधाची बाटली मी आधी दिली. दुसऱ्या आठवड्यात साताचे सहा झाले, मग पाच. पाच म्हणजे बरं नव्हे. पण पाचावर वन्सं सुती ब्लाऊज घालून खालच्या बागेत दोन फेऱ्या मारून आल्या. मग तेलाची पाळी आली. चार दिवसांत पुन्हा सहा, दहाव्या दिवशी आठ. वन्सं परत सदऱ्यात गेल्या. जेवताना डावा हात अंगापासून लांब धरून बसत आणि शांतपणे आकडा सांगत. बाटली बदलायला माझे हात शिवशिवत होते. न राहवून मी एकदा म्हटलं, पुरे करू या का. "अजून अकरा दिवस आहेत," त्या म्हणाल्या आणि भात कालवू लागल्या.

अकरा दिवसांनी त्यांनी विचारलं, "पहिली औषधाची. बरोबर?" मी हो म्हटलं. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाच बजावून त्यांनी पुन्हा थेंब सुरू केले. आता दुखणं पाच-सहाच्या मध्ये असतं. याहून खाली ते कदाचित जाणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

उत्तर कळलं त्या दुपारी मात्र बाटल्या उचलून ठेवताना वन्संनी मला थांबवलं.

"मी नुसतं तेल घेतेय हे तुला रोज माहीत होतं. तरी बोलली नाहीस."

"तुम्हीच सांगितलं होतं, वन्सं."

"हो. पण तुझ्या जागी मी असते, तर मला जमलं नसतं."

मग त्यांनी माझा हात धरला आणि हळूच स्वतःच्या डाव्या खांद्यावर ठेवला. तिथे वर्षभर आमच्यापैकी कुणी हात लावला नव्हता. मी तो अगदी अलगद ठेवून बसले.