कुंजांचा सूर

बडोद्यातल्या आमच्या सोसायटीत घरोघरी केबल आली, त्या हिवाळ्यात रविवारचा टीव्ही सोडून पक्षी पाहायला जाणारे दोघेच उरलो. मी आणि शेजारचे रिटायर झालेले फिटर. पक्षी दिसला की ते बोट दाखवत नसत, नुसती हनुवटी उचलत. मी चष्मा पुसेपर्यंत पक्षी उडालेला असे. त्यांना ऐकू मात्र जवळजवळ येईनासं झालं होतं. “तुम्ही कान, मी डोळे,” असं म्हणून ते मला स्कूटरवर मागे बसवत.

त्या सकाळी जंबुसरच्या पुढे, खाडीत घुसलेल्या टेकाडावर दाट धुकं होतं. डोक्यावरून कुंज पक्ष्यांचा थवा ओरडत गेला. मी त्यांचा खांदा हलवून वर बोट केलं. धुक्यात त्यांना काहीच दिसेना.

“कसे ओरडतात, काढून दाखवा ना भाऊ. दोन शियाळे झाले, थंडी येते नि जाते, ऐकलं नाही.”

आरतीतसुद्धा बायको मला हळू म्हणायला लावते. तरी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडलो, “क्रुर्र, क्रुर्र!”

“ना, ना. जरा चढा सूर.”

मी चढवला. त्यांनी डोळे मिटले आणि सावकाश कानटोपी काढली.