हौद धुताना

"केमिकल न्यूमोनायटिस," डॉक्टर माझ्या मुलाला, विनोदला, म्हणाले. म्हणजे विषारी वायूने फुप्फुसांना आतून आलेली सूज. मी पलंगावर पडून ऐकत होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, छातीत मिरची कुटल्यासारखी आग.

आमच्या जळगाव जामोदला नळ रोज येत नाही. आला की अंगणातल्या जमिनीखालच्या हौदात पुढच्या कितीतरी दिवसांचं पाणी भरून ठेवायचं. खाऱ्या पाण्याने त्याच्या फरश्यांवर पांढरा थर चढतो. त्या दिवशी दुपारी नळ येणार होता. सकाळी मी स्टूल टाकून रिकाम्या हौदात उतरले. सायकलवर विकायला येणाऱ्याकडून घेतलेलं सुटं ॲसिड ओतून थर घासला. मग पाणी चांगलं राहावं म्हणून, ॲसिड न धुताच, वरून ब्लीचिंग पावडर टाकली.

फसफसलं, पिवळट धूर उठला. श्वास आत जाईना. स्टूल समोर होतं, पण पाय उचलेना. समोरच्या घरातल्या शकूरभाईंनी वरूनच काखेत हात घालून मला ओढून काढलं. माझी सून रेखा हिने वास नको म्हणून हौदावर झाकण लावलं.

खामगावच्या दवाखान्यात एक्स-रे झाला. मग नेब्युलायझर लावला, म्हणजे वाफेतून औषध.

"ॲसिड कोणतं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोल्ड्रिंकच्या बाटलीत होतं. वर नाव नव्हतं," विनोद म्हणाला.

"हा वायू हवेपेक्षा जड असतो. खोल जागेत साचून राहतो."

विनोद औषधं आणायला गेला आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. निघताना रेखा म्हणाली होती, "आत्या, तुम्ही जा. राह्यलेलं मी धुऊन घेतो."

मी मास्क ओढला. सिस्टरने परत बसवला. "आजी, बोलायचं नाही." पुन्हा ओढला. "आता हात बांधून ठेवीन बरं!"

हाताला सलाईन, तोंडावर मास्क, दाराबाहेर माझं माणूस नाही. हौदातून शकूरभाईंनी काढलं होतं. इथून कोण काढणार? मी सिस्टरच्या हातावर चापट मारली. तिने डॉक्टरांना हाक मारली.

"सून... हौदात... उतरून राह्यली," मी कसंबसं म्हटलं.

डॉक्टर धावतच विनोदला गाठायला बाहेर गेले. विनोदने रेखाला फोन केला, तो स्वयंपाकघरात वाजत राहिला. मग शकूरभाईंना केला. ते अंगणात पोचले तेव्हा रेखा झाकण काढून, तोंडाला ओढणी बांधून, एक पाय हौदातल्या स्टुलावर टाकून उभी.

"वर ये पोरी! सकाळी तुह्या सासूले काढलं, आता तुले काढू काय? मी काय क्रेन हाय?"

"अन् नळ आला तं पाणी काय तुमच्या टोपीत भरू, चाचा?"

पण ती वर आली. त्या वेळी पाणी भरलंच नाही, शेजाऱ्यांनी हंडे दिले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून झाकण उघडून ठेवलं आणि नगरपरिषदेला कळवलं. अग्निशमनच्या माणसांनी येऊन हौद साफ केला. उरलेलं ॲसिड नालीत ओतायला त्यांनी मनाई केली. बूच लावून, वर 'ॲसिड' असं लिहून त्यांच्याच हवाली केलं.

माझा मास्क सुटायला बरेच दिवस लागले. अजून जिना चढताना थांबावं लागतं. ते चालतं.

बायांनो, ॲसिड आणि ब्लीचिंग कधी एकत्र करू नका. सुटं, बिननावाचं घेऊ नका. वास लागला तर उघड्यावर पळा, आत पडलेल्याला काढायलाही खाली उतरू नका. ओढणीने हा वायू अडत नाही.

डॉक्टरांचे उपकार आहेत, शकूरभाईंचे त्याहून जास्त. पण रेखा वाचली ती नुसत्या कोणाच्या अकलेने नाही. शकूरभाई त्या वेळी घरी होते म्हणून. तुमच्या गल्लीत तेव्हा कोण घरी असेल, सांगता येत नाही.